बॅनर, फलक, पताका, निशाण: कुठे कोणता शब्द?

उमरग्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "१७ सप्टेंबरच्या प्रभातफेरीच्या अहवालात मी 'मुलांच्या हातात बॅनर होतं' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी 'बॅनर' खोडून 'फलक' केलं. हातात होतं ते तर कापड. फलक म्हणणं बरोबर का? आणि बॅनरला मराठीत आणखी शब्द कोणते?"

ताई, तुमची शंका रास्त आहे. फलक म्हणजे मुळात फळी. आपले फळी आणि फळा हे शब्द त्याच घराण्यातले. जे ताठ असतं, ठोकलेलं किंवा उभं केलेलं असतं, त्याला फलक शोभतो. गुंडाळी करून काखेत मारता येणाऱ्या कापडाला फलक म्हणताना अडखळायला होतं ते यामुळेच. मात्र 'कापडी फलक' हा जोडशब्द वर्तमानपत्रांत चांगला रुळलेला आहे, तोच तुम्ही लिहा. मुलांनी काठीला पुठ्ठे ठोकून आणले असते, तर नुसतं 'फलक' चाललं असतं.

इंग्रजीतही बॅनर आधी झेंडाच होता. राजाचं किंवा सरदाराचं चिन्ह असलेलं, काठीला लावलेलं कापड. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. पुढे मोर्चात दोन काठ्यांमध्ये ताणून धरायचं कापड, वर्तमानपत्राचा पानभर मथळा, चित्रपट काढणारी संस्था, संकेतस्थळावरची जाहिरातीची पट्टी, असे अर्थ त्याला येऊन चिकटले. मराठीत हे सगळे अर्थ एकाच शब्दावर लादायची गरज नाही. पानभर मथळ्याला पत्रकार 'आठ कॉलमी' म्हणतात. 'अमुक संघटनेच्या बॅनरखाली मोर्चा निघाला' हे वाक्य मला खटकतं. 'झेंड्याखाली' म्हणा, नाहीतर साधं 'संघटनेच्या वतीने'.

आता आपले शब्द. झेंडा आणि ध्वज यांचा अर्थ एकच, पण बसायची जागा वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान निजामाच्या हातून सुटलं, म्हणून मराठवाड्यात त्या दिवशीही शाळेत तिरंगा फडकतो. निमंत्रणपत्रिकेवर 'ध्वजारोहण' छापलेलं असतं, आणि घरातून निघणारं पोरगं म्हणतं, "झेंडावंदनाला चाललो." दोन्ही अस्सल मराठी आहे, एकाने दुसऱ्याला हटवायचं कारण नाही.

पताका हा माझ्या मते या सगळ्यांत देखणा शब्द. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते तेव्हा दिंडीत पुढे पताकावाले, मागे टाळकरी, मधे वीणेकरी. खांद्यावरच्या त्या भगव्या कापडाला वारकरी पताकाच म्हणतो, आणि ती तो 'लावत' नाही, 'खांद्यावर घेतो'. हाच शब्द जयंतीच्या किंवा गणपतीच्या आदल्या रात्री गल्लीत उतरतो. रंगीत कागदाचे तिकोनी तुकडे, मैद्याची खळ, लांबच लांब सुतळी आणि बोटं चिकट झालेली पोरं. तिथे अनेकवचन लागतं: पताका लावल्या.

निशाण फारसीतून आलं. निशान म्हणजे खूण. कापडापेक्षा त्यावरच्या खुणेला या शब्दात मान आहे. नांदेडच्या हजूर साहिबचा 'निशान साहिब' असाच. नेमबाजाचा निशाणा त्याचाच सख्खा. पेशवाईतला जरीपटका हेही जरीचं निशाणच.

बावटा तुमच्या बाजूला विशेष ओळखीचा असावा, कारण उमरग्यापासून कर्नाटक फार लांब नाही आणि कानडीतही 'बावुट' म्हणजे झेंडाच. कोकणच्या बंदरात वादळाची सूचना द्यायला बावटा चढवतात. आपल्याकडे समुद्र नाही. शेतमजुरांच्या मोर्चातला लाल बावटा मात्र आहे, आणि त्याला 'लाल ध्वज' म्हटलं की सगळा जोर निघून जातो.

राहिला फ्लेक्स. बॅनर आणि फ्लेक्स एक नव्हेत. 'लवचीक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं फ्लेक्स हे तोडलेलं रूप, आणि ते मालाचं नाव आहे: धाग्यांच्या जाळीवर प्लास्टिकचा थर दिलेला ताव. बॅनर हे त्या तावाच्या कामाचं नाव. पूर्वी तेच काम मांजरपाटावर व्हायचं. पेंटर कापड ताणून खडूच्या दोरीने रेघा मारायचा, अक्षरं ब्रशने भरायचा, आणि वाऱ्याने फाटू नये म्हणून मधेमधे अर्धगोल चिरा द्यायचा. ते बॅनर होतं, फ्लेक्स नव्हतं. आज दुकानात "दहा बाय आठचा, स्टार का साधा?" असं विचारतात तेव्हा बोलणं मालाचं चाललेलं असतं. हाच ताव कार्यक्रमानंतर सोयाबीनच्या ढिगावर पडतो, तेव्हा तो बॅनर राहत नाही, पण फ्लेक्स राहतोच.

होर्डिंग आणखी वेगळं. इंग्रजीत ते मूळचं बांधकामाभोवतीचं फळ्यांचं कुंपण. त्यावर जाहिराती चिकटवत गेले आणि नाव जाहिरातीला मिळालं. साठेबाजीला तिकडे असाच शब्द आहे, पण त्याचं मूळ निराळं. फळ्यांशी नातं असल्यामुळे होर्डिंगला 'जाहिरात फलक' हा पालिकेच्या नोटिशीतला शब्द चपखल बसतो. बॅनरला तो बसत नाही.

म्हणून 'बॅनर' हा शब्द मराठीतून हाकलावा असं मी म्हणणार नाही. त्याला 'बाजी' लावून आपण 'बॅनरबाजी' केली, 'चौकात बॅनर लागलंय' म्हणताना नपुंसकलिंगही दिलं. तुमच्या अहवालात मूळचं 'बॅनर' ठेवलं असतं तरी चूक नव्हती. मुख्याध्यापकांना मराठीच हवं असेल, तर असं लिहा: 'पुढच्या दोन मुलांनी कापडी फलक धरला होता, मागच्यांच्या हातात झेंडे होते.'