चेहरा तेलकट आणि हातपाय कोरडे, असं कसं?

रत्नागिरीहून नागपुरात आल्यापासून हातपाय पांढरे पडतात, खाजतात, चेहरा मात्र तेलकट. पाणी भरपूर पिऊनही फरक नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं इथे मेडिकल आहे. डिसेंबर लागला की हाच प्रश्न घेऊन लोक येतात. पायजमा वर करून नडगीवर नख ओढून दाखवतात, पांढरी रेघ उमटते.

पाणी प्या, पण त्याने ती रेघ जाणार नाही. कातडीतलं पाणी टिकतं ते सगळ्यात वरच्या थरामुळे. हा थर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड. त्यात चपट्या, मेलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटी मेदाने भरलेल्या. या मेदात साधारण निम्मं सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल (हो, तेच!) आणि बाकी बहुतेक फॅटी अ‍ॅसिड. आतलं पाणी उडू न देणं आणि बाहेरची धूळ, जंतू आत न येऊ देणं, दोन्ही कामं याचीच.

चेहऱ्यावर चकाकतं ते तेल वेगळं. ते ग्रंथींतून येतं, कपाळ-नाकावर जास्त, नडगीवर फार कमी, तळपायाला तर नाहीच. लहान मुलांत ते जवळजवळ नसतंच, तरी त्यांची कातडी मऊ असते. म्हणजे खरी राखण फटींतल्या मेदाची.

आणि तोच आपण धुऊन काढतो. इथली हवा आधीच कोरडी, थंडीत काय नि मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत काय. त्यात बंबाचं कढत पाणी, वर अंगभर साबण. कातडीचा सामू (pH, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) पाचच्या आसपास, वडीच्या साबणाचा नऊ-दहा. मेद तर जातोच, शिवाय नवा तयार करणाऱ्या एन्झाइमांना आम्लता लागते, तीही बिघडते.

तेव्हा पाणी कोमट घ्या. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरताच. पंचाने टिपून घ्या, घासू नका, आणि अंग ओलसर असतानाच लावा. काय लावायचं? खोबरेल चांगलं, सूर्यफुलाचंही चालतं. ऑलिव्हचं महागडं तेल मी तरी देत नाही. त्यातलं ओलेइक अ‍ॅसिड हा थर उलट विस्कटतं. टाचांना भेगा असतील तर रात्री पेट्रोलियम जेली लावून मोजे घाला. सेरामाइडचं क्रीम परवडत असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही.

एक मात्र करू नका. खाज थांबवणारी स्टेरॉइडवाली ट्यूब कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. चार दिवस बरं वाटतं, पण ती कातडी पातळ करते आणि हाच मेद तयार होणं मंदावते. खाजेने झोप मोडत असेल किंवा भेगांतून रक्त येत असेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा. शुगर असेल तर भेगा पडल्या की लगेच.