किट वाटण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची किटं तालुक्याला येणार, बायांनी स्वतःच नमुना घ्यायचा, आणि तुला वाटतंय की लाजेचा प्रश्न एकदाचा मिटला. टेबलावर झोपणं नाही, कुणासमोर उघडं होणं नाही, काडी आत फिरवायची आणि नळीत टाकायची. मग बाई नाही का म्हणेल? म्हणेल. आणि पुष्कळदा तिच्या नाही म्हणण्यात तथ्य असेल.

आधी तुझ्या जिल्ह्याचंच सांगते, कारण प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास सुरू झाला. टाटा आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. गावांचे ५२ गट पाडले. काहींत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन बघायच्या, काहींत पिशवीच्या तोंडाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघायचं, म्हणजे तुमचं व्हीआयए, आणि काहींत नुसती माहिती. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तेच व्हीआयए दर दोन वर्षांनी केलं, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी उतरले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीची तपासणी करा म्हणते, त्यामागे धाराशिवच्या बायांचाही हात आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी दोघींचीही तपासणी कधी झालेली नव्हती!

पण ते मृत्यू काडीने कमी झाले नाहीत. विषाणू सापडला त्या बायांची पुढची तपासणी झाली, गरज होती त्यांना उपचार मिळाले, म्हणून कमी झाले. तुझ्या पत्रात किटांचा आकडा आहे, पुढच्या वाटेबद्दल एक ओळ नाही.

बाया काय म्हणतील ते लिहिते. काडी आत तुटली तर? मला नीट जमलं नाही तर? ही सोपी गाठ आहे. काडी पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरजच नसते, योनीतल्या पेशींतूनही विषाणू कळतो, आणि चांगल्या यंत्रावर हा नमुना सिस्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो. हे हातात काडी धरून दाखव. घरी संडासाला कडी नसेल तर उपकेंद्रातली खोली दे.

अवघड गाठ वेगळी आहे. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे ऐकूनच कित्येकींनी कर्ज काढून ऑपरेशन केलं. तुझ्या गावातही कुणाची तरी नणंद, कुणाची तरी जाऊ त्यातली असेल. तू अंगणात बसून कॅन्सर शब्द काढलास की तिला तुझ्या किटामागे ऑपरेशनचं बिल दिसणार. हिला अडाणी समजू नकोस, ती अनुभवाने शहाणी झालेली आहे. तिला पहिल्यांदा हे सांग, की विषाणू सापडणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरी त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात, अंगात एचआयव्ही असेल तर कमी. पुढच्या तपासणीत पिशवीच्या तोंडावर डाग दिसलाच तर बहुतेकदा तेवढाच भाग उष्णतेने जाळतात, मिनिटभराचं काम, पिशवी जागेवर राहते.

मग नवऱ्याचं. हा विषाणू संबंधातून येतो, ते लपवू नकोस, पण चारचौघींत भाषणही ठोकू नकोस. कधी आला, कुणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, हे तिला पाठ करून दे. घरी भांडण झालं तर उपयोगी पडेल. विधवा, टाकलेल्या आणि पाळी गेलेल्या बायांना यादीतून वगळू नकोस. ‘आता माझं काय तपासायचं’ म्हणणारीलाच बऱ्याचदा गरज असते.

नंबर लिहून घेताना मोबाइल कुणाच्या खिशात असतो ते विचार. नवऱ्याचा किंवा पोराचा असेल तर निकाल फोनवर नको, आशाताईला घरी पाठव.

आणि तारखा बघ. सप्टेंबरात नमुने घेतलेस आणि निकाल दिवाळीनंतर आला, तर निम्म्या बाया कोयत्यावर गेलेल्या असतील, सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. त्या परततात मार्च-एप्रिलात. तेव्हा, पेरणीच्या आधी, काम उरक.

तालुक्याच्या साहेबांकडून तीन गोष्टी लेखी घे: निकाल किती दिवसांत येणार, विषाणू सापडलेली बाई कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी जाणार, आणि तिच्या एसटीचे पैसे कोण देणार. तोवर खोकी फोडू नकोस. ते चिडतील. टार्गेट मागे पडलं म्हणून मीटिंगमध्ये बोलतील. बोलू देत.

उत्तर आलं की मला कळव. नाही आलं तरी कळव, मग काय लिहायचं ते बसून ठरवू.

तुझी,
ताई