विद्यापीठात आर्किटेक्चरचा विद्यार्थी क्लब कसा चालवावा?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वर्षातच क्लब तुमच्या गळ्यात पडला. पहिल्या व्याख्यानाला हॉल भरला, तिसऱ्याला पुढच्या दोन रांगाही भरल्या नाहीत, आणि आता क्लब कसा टिकवायचा हे कळत नाहीये. पुण्यात बी.आर्क. करताना मी असाच क्लब सांभाळला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्याख्यानांवर क्लब जगत नाही. मोठ्या आर्किटेक्टचं काम पडद्यावर बघायला पोरं एकदा येतात, दोनदा येतात, मग म्हणतात की हे मोबाइलवरही दिसतं. पोरांना हाताला काम द्या. आणि माझ्या मते आपल्या मुलांसाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे एखादी जुनी इमारत सगळ्यांनी मिळून मोजायची आणि तिची ड्रॉइंग्ज काढायची.

पुण्यात असाल तर पेठांमधला एखादा वाडा घ्या. वाडा निवडला की लगेच टेप घेऊन आत घुसू नका. बहुतेक वाड्यांत मालक, भाडेकरू आणि पुनर्विकास यांचं काहीतरी चालू असतंच. चार पोरं भिंती मोजायला लागली की घरातल्यांना वाटतं, बिल्डरने पाठवलीत. पहिल्या दिवशी नुसते भेटायला जा. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र असू द्या, आणि मालक व भाडेकरू दोघांनाही ते दाखवा. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. माजघरात पूर्वी काय चालायचं, मागचा चौक कधी बुजवला, जिना कुठून कुठे हलवला, हे कुठल्याही नकाशात सापडत नाही, ते त्यांनाच ठाऊक असतं. दारावरून परत पाठवलं तर नमस्कार करून निघा, वाद घालू नका.

मोजताना तिघांची टोळी करा: एक टेपचं टोक धरणारा, एक आकडा मोठ्याने वाचणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने आकडा परत उच्चारायचा, मगच कागदावर टाकायचा. खिडकी, भिंत, दार असे सुटे तुकडे मोजून बेरीज करू नका, प्रत्येक तुकड्यातली चूक साठत जाते. टेप एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि तिथूनच पुढचे सगळे आकडे सलग वाचा. खोली काटकोनात आहे असं कधीच गृहीत धरू नका, दोन्ही कर्ण घ्याच. उंचीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या भिंतींवर एकच पातळी धरा (खुणेसाठी कागदी टेप लावा, पेन्सिलसुद्धा नको) आणि तिथून वर-खाली मोजा. लेझर असला तरी एकदा ही पाण्याची नळी पोरांच्या हातात द्या. जमीन किती उताराची आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर सेक्शन (इमारतीचा उभा छेद) म्हणजे काय ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

मग हळूहळू वाडा उलगडायला लागतो. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबाखाली तळखडा, आणि दोन खांबांमधला खण. हा खण एकदा कळला की सोपा (म्हणजे ओसरी) किती खणांचा, माजघर किती खणांचं, असा सगळा प्लॅन आपोआप वाचता येतो. भिंत वर जाताना पातळ होते, म्हणून खालच्या मजल्याचा प्लॅन ट्रेस करून वरचा काढता येत नाही. तो वेगळाच मोजावा लागतो. स्टुडिओत सांगून न कळणारं इथे एका दुपारी कळतं.

हे काम गरजेचंही आहे. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. आज तटबंदी, दरवाजे आणि जोती बघायला मिळतात, वरचे मजले वर्णनांवरून मनात उभे करावे लागतात. तुम्ही मोजलेला वाडा पाच-दहा वर्षांत पडला तर तुमची ड्रॉइंग्ज हीच कदाचित त्याची एकमेव नोंद असेल. म्हणून काम पूर्ण झालं की एक छापील संच त्या घरी नेऊन द्या. हे अजिबात चुकवू नका. पुढच्या वर्षीच्या पोरांना त्या आळीत दार उघडलं जातं ते यामुळेच.

नासाबद्दल विचारलंत. नासा, म्हणजे 1957 पासूनची आर्किटेक्चर विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना. कॉलेज सदस्य असेल तर लुई कान ट्रॉफीसाठी जरूर उतरा, ती डॉक्युमेंटेशनचीच, म्हणजे इमारती मोजून त्यांची नोंद करण्याचीच, स्पर्धा आहे आणि मुदत असली की काम पूर्ण होतं. पण अख्खा क्लब ट्रॉफीला बांधू नका. स्पर्धेत शीट सुंदर काढणारी ठरावीक पोरंच रात्रभर जागतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. मोजायला मात्र सगळे लागतात. विद्यापीठात इतर विभाग असतील तर त्यांनाही बोलवा: सिव्हिलची मुलं तुळया बघतील, इतिहासाची मुलं जुने कागद वाचतील.

पैशांचं फार अवघड नाही. खर्च मुख्यतः प्लॉटिंगचा, म्हणजे मोठी ड्रॉइंग्ज छापण्याचा असतो, तो वर्गणीतून निघतो.

क्लब खरा मोडतो तो वर्ष बदलताना. वरच्या वर्गातले ट्रेनिंगला गेले की ड्रॉइंग्ज त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहतात. मोजणीच्या कच्च्या वह्या, फोटो आणि फाइल्स कॉलेजच्या लायब्ररीत जमा करायची पद्धत पहिल्याच वर्षी पाडा, आणि प्रत्येक टोळीत पहिल्या वर्षाचं एक पोर ठेवाच. सत्र सुरू झालं की पहिल्या महिन्यातच मोजणी उरका, कारण एकदा सबमिशनं सुरू झाली की कुणी फिरकत नाही.

आणि घरात शिरायला संकोच वाटत असेल तर सुरुवात विश्रामबागवाड्याने करा. दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधलेला, दर्शनी बाजूला सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, लाकडी खांब. रीतसर परवानगी काढून एक रविवार फक्त त्या दर्शनी बाजूला द्या आणि एकाच खांबाचं, तळखड्यापासून वरच्या कोरीव कामापर्यंत, मोठ्या स्केलवर ड्रॉइंग काढा. पुढच्या रविवारी किती पोरं येतात त्यावरून तुमचा क्लब कुणाकुणाचा आहे ते तुम्हाला कळेल.