महाराष्ट्र वाचायचा कुठून?

प्रश्न : महाराष्ट्राच्या इतिहासावरची पुस्तकं उघडली की लढाया आणि सनावळ्याच. इथली माणसं जगत कशी होती, हे कुठे वाचायला मिळेल?

उत्तर : माझीही हीच तक्रार होती. ती मिटली 'लीळाचरित्र' हाती आल्यावर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडून गोळा केल्या. त्यामुळे त्यात यादवकाळातली माणसं चक्क बोलताना भेटतात. स्वामींची शिष्या महदाइसा त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारते, तिथे मी दर वेळी रेंगाळते. जुन्या भाषेला बिचकू नका. टिपांची प्रत घ्या आणि रोज दोनच लीळा, म्हणजे त्यातले छोटे प्रसंग, पण मोठ्यानं वाचा. अर्थ डोळ्यांआधी कानांना कळतो.

मग इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा वारीवरचा लेख. दिंडीत सगळे बरोबर चालतात, जेवायला मात्र ब्राह्मण आणि मराठे वेगळे बसतात, हे त्यांना किती लागलं ते वाचाच.

रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८७) त्यानंतर घ्या. जड आहे, पण पंढरीच्या देवाचे धागे गवळी-धनगरांपर्यंत आणि कर्नाटक-आंध्रापर्यंत कसे पोचतात, ते यातच उलगडतं.