ओकच्या टेबलाला चीर का गेली? आणि सुतारकामाचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी गुहागरचा. मुंबईहून व्हाइट ओकच्या फळ्या मागवल्या आणि एप्रिलमध्ये सोफ्याशेजारी ठेवायला दोन साइड टेबलं केली. वरची फळी १८ इंच रुंद, चौकटीला फेविकॉल लावून वर स्क्रू मारून एकदम पक्की बसवली. श्रावणात दोन्हींना बाक आला आणि दिवाळीनंतर एकीला टोकापासून वीतभर चीर गेली. ओक आपल्याकडे चालतच नाही का?

उत्तर : चालतं हो, मस्त चालतं. लाकूडही वाईट नाही आणि तुमचा हातही, फक्त फळीला हलायला जागा ठेवली नाहीत. आपल्याकडे हात बसलेला असतो सागावर, आणि साग बिचारा खूप सहन करतो. तेवढ्याच दमटपणात ओक सागाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे कोणी सांगतच नाही. माझ्या दुकानात दाराजवळ ओकचा एक फूट रुंद तुकडा टांगलाय, पॉलिश न केलेला, त्यावर दर महिन्याला मापून पेन्सिलीने खूण करतो. जानेवारी आणि ऑगस्टच्या खुणांत चारएक मिलिमीटरचं अंतर पडतं. म्हणजे तुमच्या १८ इंचाला किती ते बघा. त्यात बाहेरून येणारं ओक भट्टीत ७-८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेलं असतं, आपल्या हवेत ते आधी पाणी ओढणारच, आल्या आल्या कापायला घेऊ नका, महिनाभर तरी घरातच पट्ट्यांवर रचून ठेवा.

तुमच्या फळीला फुगायचं होतं पण स्क्रू सोडेनात, म्हणून बाक आला. त्या ताणात आतले तंतू दाबले गेले, पावसाळा सरल्यावर ती आक्रसायला लागली तर स्क्रू तिकडूनही सोडेनात, मग बिचारी फाटली.

आता स्क्रू काढा, फेविकॉलचा जोड पातळ पात्याने हळूहळू सोडवा, फळी पंधरा दिवस पट्ट्यांवर सपाट ठेवा. चिरेत भुसा-फेविकॉलची लुकण अजिबात भरू नका, पावसात चीर मिटायला जाते आणि ती लुकण आत पाचरीसारखी बसून चीर आणखी वाढवते. त्यापेक्षा चिरेच्या रेषेतच फळी उभी कापा, दोन्ही कडा रंध्याने सरळ करून परत जोडा. बसवताना चौकटीला आतून खाच पाडा आणि इंग्रजी एल आकाराचे छोटे लाकडी गुटके करा, गुटक्याची जीभ खाचेत आणि स्क्रू फक्त वरच्या फळीत. रुंदीच्या दिशेने दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर मोकळं ठेवा, लांबीला काळजी नको, लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही. आणि पॉलिश खालूनही द्या, वर जितके हात तितकेच खाली, नाहीतर एकाच बाजूने दमट हवा पिऊन परत बाक येईल.

प्रश्न : मालवणहून लिहितेय. माझ्या ओकच्या टेबलावर प्रत्येक स्क्रूभोवती काळेनिळे डाग पडलेत, घासून जात नाहीत. बुरशी आहे का?

उत्तर : नाही ताई, ती शाई आहे, खरंच शाई. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी काळी शाई करायचे ना, तोच प्रकार. हिरड्यात असतं तसं टॅनिन ओकमध्येही भरपूर असतं, त्याला लोखंड आणि ओल मिळाली की काळं होतं, आणि तुमच्याकडे खारी हवा, तिथे लोखंडी स्क्रू कितीसा टिकणार. आधी स्क्रू बदला, पितळी घ्या. पितळ मऊ असतं म्हणून भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळीच्या आट्यांना मेण लावून बसवा, मान तुटत नाही. डागांसाठी पॉलिश खरवडून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने अख्ख्या फळीवर लावा, नुसत्या डागावर लावलंत तर तेवढाच गोल उजळ दिसेल. प्लास्टिकचं भांडं, हातमोजे आणि चष्मा हवाच, पोरं लांब. सुकल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि त्यानंतरच पॉलिश पेपर मारा, कारण त्याची पूड नाकातोंडात जाणं वाईट. ओकवर स्टील वूल कधीच वापरू नका, त्याचे बारीक तुकडे रंध्रांत अडकतात आणि नंतर काळे ठिपके उठतात.

प्रश्न : देवगडला घर आहे, गणपतीला पाहुणे येणार, त्याआधी नव्या ओकच्या टेबलाला पॉलिश करून घ्यायचंय. जमेल का?

उत्तर : लाखेचं किंवा लॅकरचं पॉलिश भर पावसात नकोच. स्पिरिट, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल तिथे बसते आणि पांढरट धुरकट साय धरते. दिवाळीनंतर करा. अगदीच हवं असेल तर उघडीप बघून हार्डवॅक्स ऑइलचा (जवसासारखं तेल आणि मेण यांचं पॉलिश) अगदी पातळ हात द्या, जास्तीचं लगेच पुसा, आणि दुसऱ्या हाताआधी डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ थांबा. आणि ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. एकेक पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.