विशेषण खोड, क्रियापद लिही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा तुझी अडचण कळली. अमेरिकी प्रशिक्षक फिशर डीबेरी यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची स्तुतीच केली होती, मग एवढा गहजब कशासाठी, असं तू विचारतोस. वर्णद्वेष वाईट हे तुला शिकवायची गरज नाही, म्हणून तो भाग गाळतो आणि थेट वाक्यावर येतो.

ऑक्टोबर 2005. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीचा फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचा) टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून 48-10 असा सडकून हरला. प्रशिक्षक डीबेरी पत्रकारांपुढे जे बोलले त्याचा आशय असा: समोरच्या संघात आफ्रिकी वंशाची मुलं आमच्यापेक्षा बरीच जास्त होती, ती आमच्यापेक्षा वेगात पळाली, आणि ती मुलं पळतातच चांगली. अकादमीने त्यांना समज दिली, त्यांनी माफी मागितली.

आता नीतिमत्ता क्षणभर बाजूला ठेव आणि हे वाक्य प्रशिक्षक म्हणून वाच. सामन्याबद्दल काय कळलं? कोण कोणाच्या मागे पडला, पहिल्या पाच पावलांत की शेवटच्या वीस यार्डांत, चुकीच्या कोनातून धावल्यामुळे की दमल्यामुळे? काही नाही. 'पळाले' हे एकच क्रियापद कामाचं होतं, तेही वंशाखाली दबलं. आणि खरं कारण तर हाताशीच होतं. लष्करी अकादमीतून पदवी घेतली की साधारण 5 वर्षं सैन्यात काढावी लागतात. प्रवेशाला अभ्यासाची आणि शारीरिक निकषांची चाळणी लागते ती वेगळीच. व्यावसायिक संघाकडे डोळे लावून बसलेला वेगवान मुलगा तिकडे कशाला वळेल? 'या अटींमुळे वेगवान मुलं आमच्याकडे येत नाहीत' असं म्हटलं असतं, तर कोणी हरकत घेतली नसती आणि चर्चाही पुढे गेली असती. वंश हे उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारायचं सोडून देतो.

तू लगेच शर्यतीचे निकाल दाखवशील, माहीत आहे. दाखव. 100 मीटरमध्ये जमैका आणि 10,000 मीटरमध्ये केनियातल्या कालेंजिन जमातीचे धावपटू; आता अदलाबदल करून बघ. दोघांना 'काळे' या एकाच पोत्यात भरलं तर त्या पोत्यातून वेगाबद्दल काहीच बाहेर निघत नाही. जगातलं सर्वाधिक जनुकीय वैविध्य आफ्रिकेतच आहे. आणि टोकियोत, 2021 साली, उपांत्य शर्यतीत 9.83 सेकंद लावणारा सू बिंगत्यान चीनचा होता.

हा शब्दांचा कीस नाही. शब्द माणसाची जागा ठरवतात. 'पळतो छान' म्हटलं की त्याला पळायच्या जागी ठेवतात, डोकं लागतं अशी समजूत असलेली जागा दुसऱ्याला जाते. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची, म्हणजे डाव चालवून बॉल फेकणाऱ्याची, जागा कित्येक दशकं याच हिशोबाने वाटली गेली. वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला 1978 मध्ये एकाही संघाने निवड प्रक्रियेत घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटन संघासोबत सलग पाच वेळा ग्रे कप, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकला, मग अमेरिकेने त्याला परत बोलावलं. आपल्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या समालोचनातही तेच. 2020 मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या साथीने चार देशांच्या लीगमधल्या 80 सामन्यांचं समालोचन तपासलं गेलं. ताकदीची गोष्ट गडद वर्णाच्या खेळाडूबद्दल निघण्याची शक्यता 6.59 पट निघाली. हुशारीच्या कौतुकातला 62.6 टक्के वाटा मात्र फिकट वर्णाच्या खेळाडूंना. यातलं एकही वाक्य शिवी नव्हतं!

म्हणून सांगतो, विशेषण खोड, क्रियापद लिही.

तू सोबत जोडलेला तुझ्या संघाचा अहवाल घे. उजव्या विंगरबद्दल (मैदानाच्या कडेने चढाई करणारा) लिहिलंस, 'उपजत वेग, अफाट ताकद, खेळाची समज कमी.' डाव्याबद्दल, 'शरीराने साधारण, पण डोक्याने खेळतो.' कोण कुठल्या वर्णाचा, हे नाव झाकूनही ओळखता आलं. 'समज कमी' याला पुरावा काय, तर दोन ऑफसाइड (पास सुटण्याआधीच बचावाच्या रेषेपलीकडे असणं). मी ती चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली. दोन्ही वेळी त्याची धाव वेळेवर निघाली होती. मिडफिल्डरने (मैदानाच्या मधल्या भागातला खेळाडू) बॉलला एक जादा स्पर्श केला, पास उशिरा सुटला, तोवर विंगर रेषेच्या पलीकडे गेला होता. चूक देणाऱ्याची, शिक्का घेणाऱ्यावर. तुझ्या विशेषणाने तुझ्याच संघातला दोष झाकला, मित्रा, आणि तू मला विचारतोस की स्तुतीत वाईट काय!

आपली मराठीही यात साळसूद नाही. 'जात्याच आक्रमक', 'रक्तातच आहे', 'अंगात रग आहे', 'रांगडा'. 'जात्याच' हा शब्द नीट बघ, जात त्यात उघड बसलेली आहे आणि आपण दिवसातून दहादा म्हणतो. हा शब्द मी किती खेळाडूंना चिकटवला याची मोजदाद नाही. त्यातल्या किती जणांना मधल्या जागेवर कधी आजमावलंच गेलं नाही, हेही आता शोधता येणार नाही. माझ्या हट्टाचं मूळ तिथे आहे. तुमच्या वयाची मुलं मला शब्दांचा हवालदार म्हणतात. म्हणोत.

करायचं काय, ते ऐक. अहवाल लिहून झाला की लाल पेनने प्रत्येक विशेषण अधोरेखित कर. प्रत्येकाशेजारी मिनिट आणि सेकंद टाक. वेळ टाकता आली नाही, तर शब्द गेला. 'वेगवान' ऐवजी पहिल्या 10 मीटरला लागलेला वेळ आणि सामन्यात ताशी 25 किलोमीटरच्या वर किती वेळा गेला ते लिही. 'समज'सुद्धा मोजता येते: बॉल मिळण्याआधीच्या 10 सेकंदांत त्याने मान वळवून किती वेळा मागे पाहिलं? ते मोज, आणि दोन्ही विंगरचं मोज. इथेच सगळे फसतात. ज्याला आधीच हुशार ठरवलं त्याचं कोणी मोजत नाही. शेवटी नावांची अदलाबदल करून अहवाल मोठ्याने वाच. एखादं वाक्य दुसऱ्या नावाला शोभेना, तर ते वाक्य खेळाबद्दलचं नव्हतंच.

टोपणनावांबाबत मी कमी बोलतो, कारण तिथे वाद घालायला मला वेळ नाही. वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमीने 2020 मध्ये सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला 'काळू' म्हणत आणि त्याचा अर्थ तो काहीतरी दणकट असा समजत होता. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेतलं नाव ही गंमत नसते. 2019 मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूला जे वर्णवाचक बोलला ते उर्दूत होतं, पण स्टंपच्या मायक्रोफोनने ते जगभर पोचवलं. चार सामन्यांची बंदी आली. खेळाडूला स्वतःचं नाव विचार आणि त्याचा उच्चार त्याच्याकडूनच दुरुस्त करून घे.

तोंडून चुकीचं गेलंच, तर त्याच दिवशी, आधी त्या खेळाडूकडे जा, पत्रकारांकडे नंतर. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य उच्चारू नकोस. त्या 'तर'मध्ये चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात जाते. माझा हेतू तसा नव्हता, हे तर मुळीच नको. 2004 मध्ये स्पेनच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस सरावात एका खेळाडूला चेतवायला फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीबद्दल वर्णवाचक बोलले. हेतू चेतवण्याचाच होता, कोणी नाकारत नाही. कॅमेऱ्याने टिपलं ते वाक्य, आणि पुढच्याच महिन्यात माद्रिदमधल्या स्पेन-इंग्लंड सामन्यात इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रेक्षकांनी माकडांचे आवाज काढून छळलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री त्या प्रशिक्षकाला प्रेक्षकांना थांबवायला तोंड उरलं होतं का, याचा विचार कर. काय बोललो, ते का चूक, उद्यापासून काय बदलेन, एवढी तीन वाक्यं बोल आणि थांब.

दोन्ही विंगरचे अहवाल रविवारपर्यंत पुन्हा लिहून पाठव. वेळा समासात टाक, मजकुरात नको. आणि त्या मिडफिल्डरचा तिसरा अहवाल जोड. त्याच्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस.

तुझा,
हट्टी गुरुजी