टॉवेल कुणाच्या हातात देणार?

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. मॅटवरची कुस्ती सोडून एमएमएत (ठोसे, लाथा, पकड सगळं चालणाऱ्या लढतींत) उतरायचं तू ठरवलं आहेस, त्यावर वाद घालत नाही. पण शेवटी लिहिलंस, ‘हात मोडला तरी टॅप करणार नाही, साकुराबासारखा.’ टॅप म्हणजे हाताने थोपटून हार कबूल करणं, आणि तेच करायचं नाही म्हणतोस, म्हणून हे पत्र.

जपानचा एमएमए लढवय्या काझुशी साकुराबा तुझा आवडता आहे, माझाही आहे. फक्त तू त्याचे तुकडे बघितलेस, पुरा माणूस बघितला नाहीस. साकुराबाने टॅप केलेला आहे रे! २०१० साली जेसन मिलरने त्याचा गळा आवळला, तेव्हा त्याने गपगुमान टॅप केलं. टॅप न करणारे होते ते त्याच्यासमोरचे ग्रेसी, ब्राझीलचं जुजुत्सूचं घराणं. ऑगस्ट २००० मध्ये रेंझो ग्रेसीचा हात त्याने किमुरात, म्हणजे हात मागे पिरगाळायच्या पकडीत, धरला आणि तसाच गर्रकन फिरवला. दुसरी फेरी संपायला काही सेकंद उरले होते. कोपर निखळलं तरी रेंझोने टॅप केलं नाही, मग पंचाने लढत थांबवली. नंतर कुठलीही सबब न सांगता रेंझोने हार मानली, हा त्याचा मोठेपणा. पण कोपर गेलं ते गेलंच.

आता साकुराबाचं मूळ बघ, ते तुझ्या कामाचं आहे. अकिता प्रांतातला पोरगा, १९६९चा जन्म. लहानपणी टायगर मास्क या मुखवटेधारी प्रो-रेसलरच्या वेडाने झपाटलेला. शाळा-कॉलेजात रीतसर कुस्ती खेळला आणि मग प्रो-रेसलिंगमध्ये गेला, जिथे निकाल आधीच ठरलेले असत. पण तिथला सराव खोटा नव्हता. बिली रॉबिन्सनसारखा जुन्या इंग्लिश कॅच कुस्तीतला माणूस शिकवायला होता. आणि जोर-बैठका! जपानी प्रो-रेसलरांच्या डोजोत, म्हणजे तालमीत, बैठकेला ‘हिंदू स्क्वॉट’च म्हणतात. तुझ्या वस्तादांनी पहाटे उठवून तुझ्याकडून जे काढून घेतलं, तेच तिकडे त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. तेव्हा ‘मला ठोसे मारता येत नाहीत, माझं कसं होणार’ ही काळजी सोड. त्याचा सगळा संसार एकेरी पट आणि मनगटाची पकड यांवरच उभा होता.

१९९७च्या ऑक्टोबरात त्याचा गुरुबंधू म्हण, मालक म्हण, नोबुहिको ताकादा टोकियो डोममध्ये रिक्सन ग्रेसीकडून पाच मिनिटांच्या आत हरला. प्रो-रेसलर म्हणजे नुसते नाटकी, असं जो तो म्हणू लागला. दोनच महिन्यांनी योकोहामात यूएफसी या अमेरिकन एमएमए संस्थेची हेवीवेट स्पर्धा होती. साकुराबा ८३ किलोंच्या आसपासचा, समोर शंभर किलोंच्या वरचा मार्कस सिल्वेरा. साकुराबा पटासाठी खाली वाकला आणि पंचाला वाटलं, हा मार खाऊन पडला. लढत थांबवली! गडबड लक्षात आल्यावर तो निकाल रद्द झाला, त्याच रात्री दोघांना पुन्हा लढवलं आणि साकुराबाने आर्मबार (कोपर उलटं ताणायची पकड) लावून त्याला टॅप करायला लावलं. मग माइक हातात घेऊन म्हणाला, प्रो-रेसलर खरं तर ताकदवानच असतात.

तुझ्याकडे जी क्लिप आहे ती १ मे २०००ची, रॉइस ग्रेसीबरोबरची. ती पुन्हा बघ, पण या खेपेला नियम बघ. फेऱ्यांना मर्यादा नको आणि पंचाने मध्येच थांबवायचं नाही, ही अट ग्रेसींची होती. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे दीड तास. मधेच हा पठ्ठ्या रॉइसची विजार ओढून लोकांना हसवतोय. तो आचरटपणा नव्हता. समोरच्याचं डोकं फिरवायचं आणि तो तिकडे बघतोय तोवर पायावर लाथ घालायची, असा तो हिशेब होता. सहाव्या फेरीनंतर रॉइसच्या भावानेच टॉवेल टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. ज्या घराण्याने न थांबण्याची अट घातली, त्याच घराण्यातल्या माणसाला थांबवावं लागलं. त्याने ते केलं म्हणून मी त्याला मानतो.

आणि हे तुझ्या क्लिपमध्ये नाही. त्याच रात्री साकुराबा पुन्हा रिंगमध्ये उतरला. समोर युक्रेनचा इगोर वोवचानचिन, वजनाने बराच जड आणि हातात हातोडा. पंधरा मिनिटं लढला, मग त्याच्याच कोपऱ्यातून, म्हणजे त्याच्या बाजूच्या माणसांकडून, टॉवेल आला. शहाण्या माणसांनी टाकलेला टॉवेल होता तो.

पुढे मात्र शहाणी माणसं कमी दिसतात. तिकिटं त्याच्या नावावर खपत होती, मग जोड कोण बघतो? वांडरलेई सिल्वा ९३ किलोंच्या गटातला, आणि साकुराबाला त्याच्यासमोर तीनदा उभं केलं. तिन्हीदा हरला. दुसऱ्या वेळी गळ्याजवळचं हाड मोडलं. २००२ साली मिर्को क्रो कॉपच्या माराने डोळ्याची खोबण फुटली. आपल्याकडे गावच्या जत्रेतसुद्धा जोड बघून कुस्ती लावतात, आणि तिथे एवढ्या मोठ्या धंद्यात ही बेपर्वाई.

२००६चा स्मिरनोवासचा सामना तू ‘काय कमबॅक!’ म्हणून पाठवला होतास. साकुराबा दोरखंडाशी लोळागोळा झालेला, डोळ्यांत ओळख नाही आणि पंच बघत उभा. पुढे आर्मबारवर जिंकला, खरं आहे. पण तो विजय माझ्याने बघवत नाही. तिथे कुणीतरी मधे पडायला हवं होतं. २०१०च्या ३१ डिसेंबरला झारोम्स्किसबरोबर त्याचा कान फाटून लोंबायला लागला, तेव्हा वय होतं एक्केचाळीस.

एकूण २६ विजय, १७ पराभव. २०१७ मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आणि त्याने स्वतः २०१८ साली जे काढलं ते ‘क्विंटेट’: पाच-पाच जणांचे संघ, ठोसे-लाथा बंद, नुसती पकड. यावर मी काही बोलत नाही, तूच विचार कर. (सिगारेट आणि बिअरच्या बाबतीत त्याचं अनुकरण करू नकोस. खुराक आपलाच बरा.)

तर आता तुझं. पंधरा दिवसांच्या नोटिशीवर, दहा किलो जड गड्याशी लढत आली आहे आणि ‘अशी संधी पुन्हा नाही’ असं प्रमोटर म्हणतोय. संधी त्याची आहे, त्याचा कुणीतरी आयत्या वेळी गळला असणार. नाही म्हण. फोनवर जमत नसेल तर मेसेज कर.

आणि कोपऱ्यात कोण बसणार ते आजच ठरव. मित्र नको, ते तुझ्याबरोबर ओरडतील. मोठ्या भावाला विचार, नाहीतर तुझ्या जुन्या वस्तादांना. तू जोरात असलास तरी तुझ्यावर रागवायची ज्याची छाती आहे, असा एक जण. त्याला आधीच सांग, ‘मी नको म्हणालो तरी टाका.’ सरावात टॅप करायची सवय लाव, रोज, लहान पोरांसमोरसुद्धा. ज्याला टॅप करायची लाज वाटते, त्याला नवीन पकड कुणी मनापासून शिकवत नाही.

करार आला असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो पाठव. वजनाचा आकडा, वैद्यकीय खर्च कुणाकडे आणि डॉक्टर कुणी आणायचा, एवढं आधी बघतो. बाकीचं तू रविवारी घरी आलास की बोलू.

तुझा,
काका